सुतकातली बिडी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हळद निवडणं. शिजवून वाळवलेली हळद अंगणात पसरलेली होती. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या बाजूला. लांबट कांड्या एका टोपल्यात आणि गोल गड्डे दुसऱ्या टोपल्यात टाकायचे, एवढंच काम. पण मला ते कधी नीट जमलं नाही असं तिचं म्हणणं. मी भरलेलं टोपलं ती पुन्हा उपडं करून बघायची. त्या दिवशीही केलं, आणि माझ्या डोळ्यांचा उद्धार केला. मी म्हणालो, तूच कर मग सगळं. आणि उठून बाजेवर जाऊन आडवा झालो. पन्नासच्या वर वर्षं संसार केला आणि तिला बोललेलं शेवटचं वाक्य हे. दुपार कलल्यावर ती चहा ठेवायला उठली आणि चुलीपुढं बसल्या जागीच कलंडली. पोरानं शेजारची जीप आणली. वसमतचा दवाखाना अजून लांब होता, तोवर सगळं संपलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं हा माझा धंदा नाही. पण दहाव्याला नदीवर जे झालं, ते गावात लोक आपापल्या परीनं सांगत फिरतात. कोणी म्हणतो म्हातारा चोरून बिडी ओढत होता, कोणी म्हणतो कावळ्यानं पकडला. ऐकून ऐकून डोकं उठलं. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

बिडी मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढत होतो. चार वर्षांपूर्वी खोकला असा बसला की रात्री ती पाठ चोळून दमायची. वसमतला डॉक्टरकडं गेलो. त्यानं छातीला नळी लावली आणि माझ्याशी न बोलता तिला म्हणाला, यांची बिडी सोडवा. जसा काही मी बैल आहे आणि ती माझी मालकीण. घरी आल्यावर तिनं कमरेची मिसरीची डबी काढली. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, आमच्याकडच्या बायका ती सकाळ-संध्याकाळ दातांना घासतात. तिला ती सवय माहेरापासूनची. घासून होईपर्यंत तिच्याशी बोलायची घरात कोणाची टाप नव्हती. ती डबी तिनं चुलीत उपडी केली आणि म्हणाली,

"मी मिसरी सोडली. तुमी बिडी सोडा. जो मोडंल तो दुसऱ्याचं मेलेलं तोंड बघंल."

अशी शपथ घातल्यावर माणूस काय करणार? मी बिडीचं बंडल संडासाच्या खड्ड्यात टाकलं आणि तिथंच उभा राहून तिला शिव्या दिल्या.

पुढचं सांगायला सोपं आहे, काढायला नव्हतं. तल्लफ आली की मी घरभर पाय आपटत फिरायचो. ताटावर राग, गाईवर राग, सुनेवर राग. ती मला हाताला धरून ओसरीवर बसवायची आणि पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ओतायची. म्हणायची, मलाबी आलीय तल्लफ, फोडा शेंगा. दोघं बसून शेंगा फोडायचो. ओंजळभर शेंगा फोडून होईस्तोवर तल्लफ उतरायची, एवढीच तिची लांबी. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पोराचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनसुद्धा आम्ही शेंगा फोडल्या. टरफलं तिच्या पदरात. झाडूवाली बाई ओरडली तर ही तिच्याच हातावर मूठभर शेंगा ठेवून मोकळी. शिजवलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला तेव्हाही तसंच. मी ओला माल बघत उभा होतो, हात खिशात बिडी शोधत होता, आणि मागून हिचा आवाज, या, बसा.

आणि ती एकटी असती तरी बरं. तिनं अख्खी गल्ली माझ्या मागं लावली होती. पानटपरीवाल्याला तिनं काय सांगितलं देव जाणे, तो मला बघितलं की बिड्यांवर फडकं टाकायचा. सून माझ्या सदऱ्यांचे वास घ्यायची. आणि सगळ्यात वरचढ माझा दोस्त. विहाराशेजारी राहतो, लहानपणापासूनची संगत, एकाच बंडलातल्या बिड्या ओढत दोघं म्हातारे झालो. तो माझ्याआधी सहा महिने सोडून बसलेला, त्यामुळं त्याला फार अक्कल आलेली. रोज संध्याकाळी यायचा, माझ्या तोंडाशी नाक आणायचा आणि म्हणायचा, पास. असा राग यायचा की सांगता सोय नाही. पण हेही लिहिलं पाहिजे की तो ज्या दिवशी यायचा नाही त्या दिवशी मला चैन पडायचं नाही.

अशी चार वर्षं गेली. आणि मग ती गेली.

आमच्या गावात मयताच्या घरी ताट ठेवायची रीत आहे. ताटात बिड्यांची बंडलं, काडेपेटी, तंबाखू, चुना, सुपारी. भेटायला आलेला माणूस टेकतो, जरा वेळ गप्प राहतो, मग घरधन्यानं ताट पुढं सरकवायचं. आणि मान असा की आधी घरधन्यानं एक बिडी उचलायची, मग पाहुण्यानं. म्हणजे ज्यानं बिडी सोडली त्याच्याच पुढ्यात दहा-तेरा दिवस ताट, आणि त्यानंच ते दिवसभर लोकांपुढं फिरवायचं. ही रीत कोणी काढली त्याला माझ्या समोर उभा करा.

येणारा प्रत्येक माणूस तेच बोलायचा. घ्या, अशा वेळी चालतं. घ्या, दुःखात घेतलेली लागत नाही. एकानं तर बिडी पेटवून माझ्या बोटांत धरवली, मी लेकरू असल्यासारखी. पोरानं ती काढून घेतली. मी काही बोलायच्या आत दरवाजातून सून सांगायची की मामांनी सोडलीय. पोरगं सांगायचं, आबांनी सोडलीय. दोस्त सांगायचा, त्यानं सोडलीय. मला तोंड आहे हे दहा दिवस कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दोस्तानं तर पहिल्याच दिवशी ताटातली काडेपेटी उचलून स्वतःच्या खिशात घातली. म्हणाला, बिडी राहू दे ताटात, रीत मोडायची न्हाई, काडी माझ्यापाशी. मग पाहुण्यांना बिडी हातात धरून त्याच्याकडं काडी मागावी लागायची आणि तो प्रत्येकाला एकच काडी मोजून द्यायचा. वाऱ्यानं विझली की पाहुण्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माझ्यासाठी करून राहिला हे मला कळत होतं. तरी एकदा वाटलं, याला पेटीसकट नदीत ढकलावं.

सुनेचं तर काय सांगू. तिला आठवलं की सासूबाई मामांना शेंगा द्यायच्या. म्हणून तिनं बिचारीनं दाणे आणून ठेवले. सोललेले, भाजलेले, वर मीठ लावलेले. ते खाऊन झाले दोन मिनिटांत. हात पुन्हा मोकळे. मी तिच्यावर खेकसलो. ती रडली. ती कशासाठी रडली आणि मी कशासाठी खेकसलो हे दोघांनाही ठाऊक होतं, पण टरफलांचं कोण कोणाला सांगणार.

रात्र कशीबशी जायची. दिवस काढणं अवघड होतं, कारण दिवसभर घरात धूर. धूर नाकात गेला की छाती आपोआप फुगायची. मी स्वतःला एकच सांगायचो, तिनंही सोडली होती. तिला माझ्यापेक्षा जुनी सवय, ती शेवटच्या दिवसापर्यंत राहिली, तर मला दहा दिवस काढता येतात. त्या एका गोष्टीला धरून बसलो होतो. तेवढंच होतं हातात.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्यात बायकाही येतात. शिरड शहापूरहून माझी मेव्हणी आली होती, हिची धाकटी बहीण. पिंड मांडले, भाताची मूद, पुरणाची पोळी, तिला आवडायचा तो शेंगदाण्याचा ठेचा, सगळं पानावर ठेवलं. आणि माणसं मागं सरून उभी राहिली. कावळा शिवला म्हणजे मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही, असं आमच्याकडं मानतात. दोस्त हे काही मानत नाही. तो लांब दगडावर बसून राहिला होता.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर तीन-चार बसले होते. पण एकही खाली येईना. ऊन तापायला लागलं. भावकीतले एक थोरले आहेत, त्यांना अशा वेळी फार जोर येतो. ते म्हणाले, तिचं मन कशात तरी अडकलंय, शब्द द्या. पोरगं पुढं झालं, आबांना नीट सांभाळीन म्हणालं. कावळा हलला नाही. सून म्हणाली, तुमची गाय विकणार न्हाई. कावळ्यानं चोच फांदीला पुसली. पोळीवर तूप वाढलं, काही नाही. मग हळूहळू सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. थोरले म्हणाले, आता तू बोल, बिडीचं बोल.

मी पुढं गेलो आणि म्हणालो, मी बिडी ओढणार न्हाई. काही नाही. थोरले म्हणाले, मोठ्यानं बोल, पाखराला ऐकू गेलं पाहिजे. भर उन्हात, डोक्याचे केस उतरवलेले, ओल्या धोतरात मी बाभळीकडं तोंड करून ओरडलो. कावळ्यानं माझ्याकडं पाठ केली.

आणि मग जे झालं ते या गावातच होऊ जाणे. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कोणी तरी मागून बोललं, म्हंजे ओढतोय की काय. दुसरा म्हणाला, तिला वरून दिसत असंल. थोरले माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, खरं सांगून टाक बाबा, उगं तिला काहून अडकवून ठेवतो. मी पोराकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांतही तीच शंका. चार वर्षं ज्यानं मला बघितलं, त्या पोराचा बापावर नाही, कावळ्यावर विश्वास. मला इतका संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. आणि शब्द फुटेना म्हणून लोकांना आणखी खरं वाटलं.

तेव्हा मेव्हणी पुढं आली. कोणाकडं बघितलं नाही. कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक छोटी डबी काढली, चिमूटभर काळी पूड पानावर भाताच्या कडेला ठेवली आणि खाली मान घालून मागं सरली. बाभळीवरून एक कावळा खाली आला. दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

लोकांनी हात जोडले. सुटली बिचारी, म्हणाले. मी तसाच उभा होतो. पानावर मिसरी होती. मला वाचता कमी येतं, पण एवढं वाचायला शाळा लागत नाही.

दोस्त म्हणतो, कावळ्यांना भूक लागली होती आणि माणसं जरा मागं सरली होती, बाकी काही नाही. असेल. मला कावळ्याचं घेणंदेणं नाही. ती डबी कुठून आली आणि मेव्हणीला ते का सुचलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दिवस मावळायच्या बेताला घरी पाहुणे पांगले. मी ताटातली एक बिडी उचलली. दहा दिवसांत पहिल्यांदा. ओसरीवर मेव्हणी बसली होती, दोस्त बसला होता. मी मेव्हणीला विचारलं, कवापासून?

"कवापासून म्हंजे? सुटलीच कवा व्हती, दाजी," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. डबी चुलीत उपडी केली, त्यानंतर पंधरा दिवस हिनं खरंच काढले. मग शिरडला लग्नाला गेली तेव्हा बहिणीच्या डबीतून घेतली. तिथून जे सुरू झालं ते झालंच. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, गोठ्याच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. घासून झालं की चार चुळा भरायच्या आणि गालात लवंग धरायची. ती लवंग मला ठाऊक होती. मी चार वर्षं समजत होतो की हिची दाढ दुखते. दाढ दाखवायला वसमतला नेऊ का, असंही विचारलं होतं. तर म्हणाली होती, राहू द्या, थांबंल आपोआप.

मी मेव्हणीवर ओरडलो. शपथ तिनं घातली, मोडली तिनं, आणि मेलेलं तोंड बघितलं मी. हा कुठला न्याय? मी चार वर्षं शेंगा फोडत बसलो, आणि ही माझ्या समोर बसून मलाबी तल्लफ आलीय म्हणत होती.

"ते खोटं न्हवतं," मेव्हणी म्हणाली. "तल्लफ तर येतच व्हती की तिला. मी म्हनलं, सांगून टाक दाजींना. तर म्हनली, माझं सुटंना, पर त्यांचं सुटलंय. सांगितलं की ते त्याच दिवशी पेटवतील. नगं सांगू."

मी दोस्ताकडं हात केला. काडी दे.

वाटलं, हा आता भाषण करेल. माझ्या तोंडाशी नाक आणेल, काही तरी शहाणपण सांगेल. त्यानं खिशातून पेटी काढली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"घे," म्हणाला. "दहा दिवस राखली. मी काय तुझी बायको हाय का जलमभर राखायला?"

आणि गप्प बसला. मेव्हणीही गप्प. पोरगं दारात आलं, बघितलं, त्यालाही दोस्तानं हातानं गप्प केलं. मी पेटी उचलली. बिडी ओठात धरली. आणि थांबलो. कोणी तरी आता ओरडेल, हातातून काढून घेईल, म्हणून थांबलो. कोणी ओरडलं नाही. तेव्हा मला कळलं की दहा दिवस काय, चार वर्षं मी हेच करत होतो. मी वाट बघायचो, आणि कोणी तरी अडवायचं. आणि ज्यांना अडवायचं काम होतं त्यातली एक स्वतःच गोठ्यामागं चुळा भरत होती. राग आला, हसू आलं, आणि एकदम तिचा इतका एकटेपणा दिसला की बसवेना. मला अडवायला सगळी गल्ली होती. तिला अडवायला कोणी नव्हतं. मी तिला एकदाही विचारलं नाही की तुझं कसं चाललंय. माझीच तल्लफ मोठी.

तल्लफ पोटातून वर आली, छातीत भरली. तिची लांबी मला पाठ होती. हात काहीच करत नव्हते, शेंगा नव्हत्या, तरी ती तेवढीच राहिली आणि उतरली. मी बिडी कानावर खोचली, पेटी खिशात घातली आणि पाय धुवायला गेलो. मागून दोस्त म्हणाला, पास. मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कानावरची बिडी गोधडीत चुरगळून तंबाखू कानात आणि मानेवर. गोधडी अंगणात झटकली. तेवढ्यात औंढ्याकडून हिच्या माहेरचे लोक आले. हिचे चुलतभाऊ आणि दोन जण. टेकले. ताट आत होतं, तर चुलतभावानं स्वतःच्याच खिशातलं बंडल काढलं, एक बिडी माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, घ्या दाजी, अशा वेळी चालतं.

दारातून सुनेनं तोंड उघडलं. पोरानंही उघडलं. मी हात वर करून दोघांना थांबवलं.

"मी बिडी सोडलीय," मी म्हणालो.

"कवा?" त्यानं विचारलं.

"काल."

त्याला काही उमगलं नाही. मग अजून कच्चंच म्हणायचं, असं म्हणून त्यानं ती बिडी आपल्याच तोंडात धरली आणि काडीसाठी खिसे चाचपायला लागला. मी खिशातली पेटी त्याला दिली. अंगणात नको, तिकडं रस्त्यावर जाऊन ओढा म्हणालो. तो जरा रागावला, पण उठला. फाटकापाशी पोहोचला तेव्हा मी मागून हाक मारून सांगितलं की पेटी परत आणून द्या, काडी आता माझ्यापाशी असते.